आतड्याच्या सुजेवरची बायोलॉजिक औषधं: ओपीडीत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी जळगावात पोटाच्या आजारांची ओपीडी पाहतो. रावेर-यावलपासून शिरपूर-शहाद्यापर्यंतचे पेशंट येतात. आतड्याच्या सुजेवर बायोलॉजिक इंजेक्शन (सूज आणणारी एखादी ठरावीक वाट अडवणारं, प्रथिनापासून बनलेलं औषध) सुचवलं की पुढचे प्रश्न जवळपास ठरलेले असतात. काही पेशंट विचारतो, काही त्याचा मोठा भाऊ, आणि सगळ्यात नेमके प्रश्न आई दारातून परत वळून विचारते. ते इथे उतरवून ठेवले आहेत. तुमचा डोस आणि तुमच्या तारखा तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायच्या आहेत. हे वाचून काही सुरू करू नका आणि बंद तर मुळीच करू नका.

सगळे मूळव्याधच सांगत होते. मग हा आजार वेगळा कसा?

"पोट दुखस, रगत पडस" एवढ्यावर गावात मूळव्याधीचं मलम मिळतं आणि सहा महिने निघून जातात. मूळव्याधीतही रक्त पडतं, पण त्यासाठी कोणी रात्री झोपेतून चार वेळा उठून संडासला पळत नाही, आणि वजनही दहा किलोनं उतरत नाही. रक्त, आव, मुरडा आणि वजन उतरणं हे एकत्र महिनाभर चाललं असेल, तर दुर्बिणीची तपासणी करून तुकडा काढून बघावाच लागतो.

आयबीडी, म्हणजेच आतड्याची सूज, या नावाखाली मुख्यतः दोन आजार येतात. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये मोठ्या आतड्याचं आतलं अस्तर सुजतं. सूज गुदद्वारापाशी सुरू होऊन वर सरकते. क्रोन्स तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होतो आणि आतड्याच्या भिंतीची सगळी जाडी पोखरतो. म्हणून त्यात आतडं अरुंद होतं, भगंदर होतं. आयबीएस हा निराळा आजार आहे. त्यात सूज नसते आणि ही औषधंही लागत नाहीत. नावात एका अक्षराचाच फरक असल्यानं रिपोर्ट वाचताना लोकांची गल्लत होते.

म्हणजे माझी प्रतिकारशक्ती कमी झाली आहे का?

उलट आहे. ती नको तिथे जोर करते आहे. म्हणून "प्रतिकारशक्ती वाढवणारं काहीतरी द्या" ही मागणी मी कौतुकानं ऐकतो आणि बाजूला ठेवतो.

आपल्याकडच्या केळी बागायतदारांना मी ठिबकचं उदाहरण देतो. एका प्लॉटमध्ये पाणी तुंबलं आहे. स्टेरॉईड म्हणजे विहिरीवरची मोटरच बंद करणं. तुंबलेलं पाणी ओसरतं, पण बाकीची बागही सुकायला लागते. बायोलॉजिक म्हणजे त्या प्लॉटकडे जाणाऱ्या लाईनचा व्हॉल्व्ह फिरवणं. इन्फ्लिक्सिमॅब आणि अदालिमुमॅब टीएनएफ नावाच्या एका प्रथिनाला पकडून ठेवतात. उस्टेकिनुमॅब इंटरल्यूकिन १२ आणि २३ ही तशीच प्रथिनं अडवतं. वेडोलिझुमॅबची गंमत अशी की ते सूज आणणाऱ्या पेशींना रक्तातून आतड्यात शिरतानाच दारात थांबवतं. त्याचा परिणाम बहुतांशी आतड्यापुरता राहतो, म्हणून वयस्कर पेशंटमध्ये किंवा संसर्गाची भीती जास्त असेल तिथे मी आधी त्याचा विचार करतो.

इतकं जोराचं औषध कशाला? स्टेरॉईडच्या गोळीनं बरं वाटतं की.

वाटतंच. प्रेडनिसोलोन सुरू केलं की आठवड्यात जुलाब कमी होतात, भूक लागते, चेहरा भरतो आणि घरचे म्हणतात तब्येत सुधारली. सगळ्यात जास्त नुकसान मी याच ठिकाणी पाहिलं आहे. माणूस बायोलॉजिकचं नाव ऐकून घाबरतो, पण मेडिकलमधून तीच जुनी चिठ्ठी दाखवून दोन-दोन वर्षं स्टेरॉईड घेत राहतो. हाडं ठिसूळ होतात, साखर वाढते, मोतीबिंदू लवकर येतो आणि संसर्गाचा धोकाही वाढतो. एवढं सोसून आतडं आतून भरून येतच नाही. भडका विझवायला स्टेरॉईड चांगलं आहे. आजार वर्षानुवर्षं ताब्यात ठेवणं हे त्याचं काम नाही. मात्र खूप दिवस चालू असलेलं स्टेरॉईड एका झटक्यात सोडणंही धोक्याचं असतं. डोस हळूहळूच उतरवावा लागतो.

सौम्य कोलायटिस असेल तर मेसालामाइनवर भागतं, आणि अशा पेशंटला मी बायोलॉजिकचं नावही काढत नाही. अझाथायोप्रिन हे जुनं आणि स्वस्त औषध आहे, पण त्याचा गुण यायला तीनेक महिने लागतात. शिवाय भारतीयांमध्ये एनयूडीटी१५ नावाच्या जनुकातला बदल बऱ्यापैकी आढळतो. तो असेल तर पांढऱ्या पेशी एकदम खाली येतात आणि केस झपाट्यानं गळतात. म्हणून सुरुवातीच्या आठवड्यांत सीबीसी (रक्तपेशींची तपासणी) चुकवू नका. सातपुड्याकडच्या पेशंटना माझा आणखी एक प्रश्न असतो: सिकलसेलसाठी हायड्रॉक्सियुरिया चालू आहे का? ते औषधही अस्थिमज्जेवरच काम करतं. दोन्ही एकत्र द्यायची असतील तर फार जपून द्यावी लागतात.

इंजेक्शनआधी टीबीची तपासणी कशाला? मला खोकला तर नाही.

या पानावरचं बाकी काही वाचलं नाही तरी चालेल, हे उत्तर वाचा.

जगातल्या टीबीच्या रुग्णांपैकी साधारण चौथा हिस्सा आपल्या देशात आहे. आपल्यापैकी कित्येकांच्या शरीरात टीबीचा जंतू झोपलेला असतो. शरीर त्याच्याभोवती पेशींची गाठ बांधून त्याला कोंडून ठेवतं, आणि ही भिंत उभी ठेवायला टीएनएफ लागतो. इन्फ्लिक्सिमॅब किंवा अदालिमुमॅबनं टीएनएफ अडवला की भिंतीचे चिरे निखळतात आणि जंतू बाहेर पडतो. तो दर वेळी छातीतच सापडेल असंही नाही. गाठींत, पोटात, मेंदूत, कुठेही सापडतो. इन्फ्लिक्सिमॅबला अमेरिकेत १९९८ मध्ये मान्यता मिळाली आणि २००१ पर्यंत या औषधानंतर टीबी झालेल्या ७० रुग्णांची नोंद वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. तेव्हापासून जगभर आधी टीबीची तपासणी आणि मग इंजेक्शन असा क्रम पडला.

तपासणीत छातीचा एक्स-रे, गरज पडल्यास सीटी स्कॅन, हातावरची मॉन्टू टेस्ट आणि रक्ताची आयजीआरए टेस्ट येते. घरात, शेजारी किंवा कामाच्या जागी कोणाला टीबी झाला होता का, हेही विचारतो. ते लपवू नका. सुरतेला कापड मिलमध्ये कामाला असताना खोलीत राहणाऱ्या मित्राला टीबी होता, ही गोष्ट एका पेशंटनं तिसऱ्या भेटीत सांगितली.

माझीच एक चूक सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी स्टेरॉईडवर असलेल्या एका तरुणाची मॉन्टू निगेटिव्ह आली आणि मी निर्धास्त झालो. तिसऱ्या डोसानंतर त्याच्या मानेत गाठ आली. स्टेरॉईड चालू असताना ही टेस्ट खोटी निगेटिव्ह येऊ शकते, हे मला पाठ होतं. त्या दिवशी नेमकं तेच आठवलं नाही. तो बरा झाला. आता मी एका टेस्टवर थांबत नाही.

झोपलेला टीबी सापडला तर प्रतिबंधक गोळ्या देतात. आयसोनियाझिड सहा महिने, किंवा आठवड्यातून एकदा असा १२ आठवड्यांचा दोन औषधांचा कोर्स. साधारण महिनाभर गोळ्या झाल्या की बायोलॉजिक सुरू करता येतं. या गोळ्या सरकारी क्षयरोग कार्यक्रमातून मोफत मिळतात. जिल्हा क्षयरोग केंद्रात चौकशी करा. आणि टेस्ट निगेटिव्ह आली म्हणून जन्मभराची हमी मिळत नाही. पुढेही संध्याकाळचा बारीक ताप, रात्रीचा घाम, वजन उतरणं किंवा मानेत गाठ दिसली की लगेच या.

मी सहा महिने पोटाच्या टीबीची एकेटी (टीबीवरच्या औषधांचा कोर्स) घेतली आहे. तरी क्रोन्स कसा?

लहान आणि मोठं आतडं जुळतं त्या जागी दोन्ही आजार दिसायला सख्खे भाऊ वाटतात. दुर्बिणीत सारखे, सीटीतही बरेचसे सारखे. म्हणून शंका असेल तिथे आधी एकेटी देऊन पाहतात आणि त्यात गैर काही नाही. मात्र दोन-तीन महिन्यांनी परत दुर्बीण घालून व्रण भरले की नाहीत ते बघायला हवं. टीबी असेल तर तोवर ते बहुधा भरलेले दिसतात. भरले नसतील तर निदानाचा पुन्हा विचार करायचा. एकेटी वर्षभर लांबवत बसायचं नाही.

आणखी कोणत्या तपासण्या लागतात?

कावीळ बी, कावीळ सी, एचआयव्ही, सीबीसी, लिव्हर-किडनी. कावीळ बी झोपलेली असेल तर तीही या औषधांनी जागी होते. कोलायटिसचा जोराचा भडका असेल तर शौचाची क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल नावाच्या जंतूसाठी तपासणी करतात. भगंदरात पू साचला असेल तर आधी सर्जनकडून तो काढून घ्यायचा, मग इंजेक्शन. हृदय कमजोर असेल तर टीएनएफ अडवणारी औषधं टाळतो, म्हणून पायाला सूज किंवा दम असेल तर सांगा.

कसं देतात आणि गुण कधी येतो?

इन्फ्लिक्सिमॅब सलाईनमधून साधारण दोन तासांत जातं. वजनाच्या दर किलोला ५ मिलिग्रॅम. पहिल्या दिवशी, मग दुसऱ्या आणि सहाव्या आठवड्यात, पुढे दर आठ आठवड्यांनी. वेडोलिझुमॅबचं वेळापत्रक तसंच आहे, फक्त सगळ्यांना ३०० मिलिग्रॅम आणि अर्ध्या तासात. अदालिमुमॅब पोटाच्या किंवा मांडीच्या कातडीखाली घरीच टोचायचं असतं. आधी १६०, दोन आठवड्यांनी ८०, पुढे दर दोन आठवड्यांनी ४० मिलिग्रॅम. उस्टेकिनुमॅबचा पहिला डोस शिरेतून आणि पुढचे कातडीखाली.

गुणाचं खरं सांगायचं तर सगळ्यांना येत नाही. कोलायटिसवरच्या इन्फ्लिक्सिमॅबच्या मोठ्या अभ्यासात आठव्या आठवड्यापर्यंत शंभरातल्या ६९ जणांना फरक पडला होता. नुसतं सलाईन दिलेल्यांत तो ३७ जणांना पडला. क्रोन्समध्ये २०१० साली आलेल्या सॉनिक अभ्यासात २६ आठवड्यांनी स्टेरॉईडशिवाय आजार शांत असलेले पेशंट असे होते: नुसत्या अझाथायोप्रिनवर ३० टक्के, नुसत्या इन्फ्लिक्सिमॅबवर ४४, दोन्ही मिळून ५७. म्हणून काहींना मी दोन्ही देतो. तीन महिन्यांत काहीच हललं नाही तर औषध बदलायचं. "अजून दोन डोस बघू" करत पैसे घालवण्यात अर्थ नाही.

खर्च किती?

भाव कंपनीगणिक बदलतो, म्हणून आकडा लिहीत नाही, हिशेब शिकवतो. ६० किलोच्या माणसाला इन्फ्लिक्सिमॅबच्या एका डोसाला १०० मिलिग्रॅमच्या तीन व्हायल लागतात. पहिल्या वर्षात आठ डोस, म्हणजे २४ व्हायल. अदालिमुमॅबची ४० मिलिग्रॅमची इंजेक्शनं पहिल्या वर्षात साधारण ३० लागतात. मेडिकलवाल्याला एका व्हायलचा भाव विचारा आणि गुणाकार करा. वर्षभराची तजवीज नसेल तर तसं स्पष्ट सांगा, कारण तीन डोस घेऊन थांबणं हे न घेण्यापेक्षा वाईट पडू शकतं.

भारतीय कंपन्यांची बायोसिमिलर (मूळ औषधाबरहुकूम दुसऱ्या कंपनीनं बनवलेली) औषधं मूळ ब्रँडपेक्षा बरीच स्वस्त आहेत आणि मी तीच जास्त लिहितो. अदालिमुमॅबचं जगातलं पहिलं बायोसिमिलर डिसेंबर २०१४ मध्ये आपल्या शेजारच्या अहमदाबादच्या झायडसनं आणलं, तेव्हा हलक्या मालाची शंका धरू नका. विम्याचं म्हणाल, तर विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या आयआरडीएआयनं २०१९ मध्ये मोनोक्लोनल अँटिबॉडीची (आपली ही इंजेक्शनं त्यातलीच) इंजेक्शनं आधुनिक उपचारांच्या यादीत घातली. विमा कंपनीला ती सरसकट नाकारता येत नाहीत, पण रकमेची मर्यादा घालता येते. पॉलिसीतलं ते पान आधी वाचा. महात्मा फुले योजनेत तुमच्या केसमध्ये काय बसतं ते योजनेतल्या दवाखान्याच्या टेबलावर बसलेल्या आरोग्यमित्राला विचारा.

इंजेक्शन गावी न्यायचं कसं? आमच्याकडे लाईट जाते.

पुण्यातल्या डॉक्टरला या प्रश्नावर फार वेळ घालवावा लागत नसेल. मला लागतो. ही औषधं प्रथिनं आहेत. ती २ ते ८ अंशांत ठेवायची असतात. मे महिन्यात भुसावळचा पारा ४५च्या पुढे जातो आणि एसटीच्या डिकीत त्याहून जास्त. काही ब्रँडच्या पत्रकात "२५ अंशांपर्यंत १४ दिवस चालेल" असं लिहिलेलं असतं. आपल्या घरात उन्हाळ्यात २५ अंश असतात कधी?

थर्मोकोलचा डबा घ्या. तळाशी जेल पॅक, त्यावर दुमडलेला टॉवेल, त्यावर खोक्यासकट इंजेक्शन. बर्फ इंजेक्शनला टेकता कामा नये. डबा मांडीवर धरा, डिकीत टाकू नका, शक्यतो सकाळच्या गाडीनं निघा. घरी फ्रिजच्या मधल्या कप्प्यात ठेवा. दारात नको, बर्फाच्या कप्प्यात तर अजिबात नको. एका सासूबाईंनी सुनेचं महागाचं औषध जपायचं म्हणून फ्रीझरमध्ये कुल्फीशेजारी ठेवलं होतं. वितळल्यावर ते पाण्यासारखं नितळ दिसत होतं, तरी फेकावं लागलं. गोठलेलं प्रथिन परत कामाचं राहत नाही. लाईट गेली तर फ्रिजचं दार उघडू नका, आणि लाईट बराच वेळ आली नाही तर इंजेक्शन पुन्हा थर्मोकोलच्या डब्यात हलवा. ज्यांना हे जमणार नाही त्यांना मी सांगतो, औषध मेडिकलच्याच फ्रिजमध्ये राहू द्या आणि टोचायला इकडे या.

टोचायच्या आधी अर्धा तास बाहेर काढून ठेवा, म्हणजे झोंबत नाही. गरम पाण्यात बुडवू नका.

आता बरं वाटतं. बंद करू का? किंवा कापसाच्या वेचणीमुळे डोस महिनाभर पुढे ढकलू?

नाही, आणि नाही.

अनियमित घेतलं की शरीर या औषधाविरुद्धच अँटिबॉडी तयार करतं. मग औषध लागू पडत नाही आणि पुढच्या सलाईनला अंगावर गांधी, धाप, छातीत दाब अशी रिॲक्शन येऊ शकते. औषध हातात असतं पण उपयोगाचं राहत नाही, आणि अशी औषधं मोजकीच आहेत. दोन-चार दिवस मागेपुढे झाले तर आभाळ कोसळत नाही, फोन करा. कधी थांबवायचं हा प्रश्न रास्त आहे, पण तो निदान दोनेक वर्षं शांततेत गेल्यावर, दुर्बीण आणि कॅलप्रोटेक्टिन (शौचातून सूज मोजणारी तपासणी) बघून ठरवायचा. बंद केल्यावर बऱ्याच जणांचा आजार परत येतो, हेही आधी ऐकून ठेवा.

ताप आला तर?

१०० च्या वर ताप असेल तर पुढचा डोस घेण्याआधी दाखवा. पावसाळ्यानंतर डेंग्यू-मलेरियाचे दिवस असतात, तेव्हा घरी थांबून बघू नका. अंगदुखीला डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन टाळा. त्यांनी आतड्याचा भडका उडू शकतो. पॅरासिटामॉल चालतं.

कॅन्सर होतो का?

टीएनएफ अडवणाऱ्या औषधांनी आणि अझाथायोप्रिननं लिम्फोमाचा (लसिकाग्रंथींच्या कॅन्सरचा) धोका किंचित वाढतो. दोन्ही एकत्र घेणाऱ्या तरुण पुरुषांत एक अतिशय दुर्मीळ पण वाईट प्रकार आढळला आहे, म्हणून त्यांच्यात मी जोडी जास्त काळ चालवत नाही. दुसऱ्या बाजूला, वर्षानुवर्षं सुजलेल्या मोठ्या आतड्यालाच कॅन्सर होऊ शकतो. आठ वर्षं झाली की दुर्बिणीनं नियमित तपासणी हवी, औषध कोणतंही असो.

लस घ्यावी का?

फ्लू, न्यूमोनिया, कावीळ बी घ्या, आणि शक्यतो इंजेक्शन सुरू व्हायच्या आधी. गोवर, कांजिण्या अशा जिवंत जंतूंच्या लसी औषध चालू असताना नको.

मुलीचं लग्न ठरतंय. मूलबाळ होईल ना?

होईल. आजार शांत असताना राहिलेलं गरोदरपण सहसा नीट पार पडतं. इन्फ्लिक्सिमॅब, अदालिमुमॅब गरोदरपणात चालू ठेवता येतात. मेथोट्रेक्सेट आणि जॅक गटातल्या गोळ्या (टोफासिटिनिब, उपाडासिटिनिब) मात्र दिवस राहायच्या आधीच थांबवायच्या. एक गोष्ट बाळंतपणाच्या डॉक्टरांना, बालरोगतज्ज्ञांना आणि आशाताईंनाही सांगून ठेवा: आईला गरोदरपणात टीएनएफ अडवणारं औषध चालू असेल तर ते बाळाच्या रक्तात उतरतं. आपल्याकडे जन्मताच बीसीजी टोचतात. ती जिवंत लस आहे. या बाळांना ती निदान सहा महिने पुढे ढकलायची, काही औषधांत त्याहूनही जास्त. हे फाईलवर लाल शाईनं लिहून घ्या, कारण प्रसूतीच्या गडबडीत कोणाच्या लक्षात राहत नाही.

मुलाकडच्यांना सांगायचं की नाही, हे मला विचारू नका. फ्रिजमधलं इंजेक्शन मात्र फार दिवस लपत नाही.

इंजेक्शनऐवजी गोळी आली आहे म्हणे?

आहे. टोफासिटिनिब कोलायटिसवर चालतं, क्रोन्सवर नाही. उपाडासिटिनिब दोन्हींवर चालतं. फ्रिज लागत नाही आणि भारतात टोफासिटिनिब बऱ्यापैकी स्वस्त मिळतं, त्यामुळे खेड्यातल्या पेशंटला ते सोयीचं पडतं. पण गोळी म्हणजे सौम्य, हा समज काढून टाका. नागीण उठते, कोलेस्टेरॉल वाढतं, रक्ताची गुठळी होऊ शकते. पन्नाशी ओलांडलेले, बिडी ओढणारे, हृदयविकार असलेले यांना मी शक्यतो देत नाही. टीबीची तपासणी इथेही हवीच.

शेवभाजी, भरीत, केळी: काय चालेल?

आजार शांत असेल तर खा. शेवभाजीनं क्रोन्स झालेला नाही आणि ती सोडल्यानं तो जाणारही नाही. भडका असताना मात्र तर्री, हिरव्या मिरचीचा ठेचा, कच्चा कांदा यांनी पोटाला त्रास होतो, तेवढे दिवस वरण-भात, ताक, पिकलेली केळी. आतडं अरुंद झालेलं असेल तर गोष्ट वेगळी: वांग्याच्या बिया-सालं, मक्याचं कणीस, संत्र्याची सालपटं अडकून पोट फुगू शकतं. अशा एका पेशंटला माघातल्या भरीत पार्टीनंतर थेट ॲडमिट करावं लागलं. तेव्हापासून तो शेतात भरीत भाजायला जातो आणि मऊ गर चाळून तेवढाच खातो.

यासाठी मुंबईला जावं लागेल का?

निदानात घोळ असेल, भगंदर गुंतागुंतीचं असेल किंवा ऑपरेशनची वेळ असेल तर मुंबई-पुण्याचं मत जरूर घ्या. नंदुरबारची मंडळी सुरत गाठतात, तेही ठीक. नेहमीचं सलाईन मात्र जवळ घ्या. दर आठ आठवड्यांनी रात्रभर गाडीत बसायचं म्हटलं की चौथी तारीख चुकतेच.

डोसच्या दिवशी काय आणायचं?

सगळी फाईल, मागच्या पंधरवड्यातली सीबीसी, औषधाचा डबा आणि सोबत एक माणूस. उपाशी येऊ नका. सकाळी भरपूर पाणी प्या, शीर लवकर सापडते. बाही वर जाईल असा सदरा घाला. व्हायल उघडल्यावर सिस्टर त्यावरचा बॅच नंबर फाईलमध्ये चिकटवतात; तो चिकटवला की नाही ते बघा. सलाईन चालू असताना घशात खाज, अंगावर लाली, छाती भरून आल्यासारखं वाटलं तर "थोडं सहन करू" म्हणत बसू नका, लगेच हाक मारा. बहुतेक वेळा थेंबांचा वेग कमी करून भागतं. संपल्यावर अर्धा-एक तास बसून राहा. पुढची तारीख घेतल्याशिवाय उठू नका.

घरी गेल्यावर आठवडाभरात सांधे दुखणं, ताप, पुरळ आलं तरी कळवा. उशिरानं येणारी रिॲक्शनही असते.

तोवर दाखवायला यायचं की नाही?

रक्त पडायला लागलं, दिवसात सहाच्या वर जुलाब झाले, पोट फुगून उलट्या झाल्या किंवा भगंदरातून पू यायला लागला, तर तारखेची वाट बघू नका. नाहीतर पुढच्या डोसालाच भेटू.